चारशे आमदारांचं राज्य

विषय जाहीर झालाय ‘चारशे आमदारांचं राज्य: न्यू हॅम्पशर’. चारशे म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेत दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसल्या. आपल्याला २८८ झेपेनात! तिकडे वळतोच, पण त्याआधी एका नंबरप्लेटची गोष्ट सांगू द्या. नाहीतर मला झोप लागायची नाही.

न्यू हॅम्पशर म्हणजे अमेरिकेतलं एक छोटं राज्य, माझी लेक तिथे राहते. पहिल्यांदा गेलो तेव्हा जावयाच्या गाडीवर वाचलं, ‘लिव्ह फ्री ऑर डाय’. जगा तर स्वतंत्र, नाहीतर मरा! म्हटलं, आपलं ‘हॉर्न ओके प्लीज’ काय वाईट? हे वाक्य जनरल जॉन स्टार्क यांचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली बेनिंग्टनची लढाई गाजवलेला माणूस. १८०९ साली जुन्या सोबत्यांनी समारंभाला बोलावलं, पण प्रकृतीने जाऊ दिलं नाही, म्हणून पत्रातून हे लिहून पाठवलं. १९४५ मध्ये ते राज्याचं ब्रीद झालं आणि पुढे १९७१ पासून नंबरप्लेटवर चढलं.

आता क्लेअरमाँट गावचा जॉर्ज मेनार्ड. गाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे. हा यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचा. ‘नाहीतर मरा’ त्याच्या श्रद्धेत बसेना, म्हणून त्याने तेवढ्या अक्षरांवर चिकटपट्टी लावली. पोलिसांनी पकडलं, दंड झाला. दंड भरायला मन तयार नाही, म्हणाला. मग काय, १५ दिवस तुरुंगात! स्वातंत्र्याची घोषणा गाडीवर मिरवत नाही म्हणून माणूस आत. गंमत म्हणजे या प्लेटा बनतात कुठे, तर राज्याची राजधानी काँकर्डच्या तुरुंगात, कैद्यांच्या हातून. (हसताय ना? मीही हसलो होतो. जावई नाही हसला, त्याला सवय झालीय.) शेवटी १९७७ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सरकारचं वाक्य मिरवण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं.

तर आमदार. प्रतिनिधिगृहात ४००, वर सिनेटमध्ये २४. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम पावणेचौदा लाख. म्हणजे प्रतिनिधिगृहाचा एक आमदार साडेतीन हजारांहून कमी माणसांमागे. आपल्याकडे २०११च्या जनगणनेने हा आकडा जातो ३ लाख ९० हजारांवर. मग मानधनाचा बोजा? वर्षाला १०० डॉलर! १८८९ साली राज्यघटनेत लिहिलं, ते अजून तेवढंच. वर प्रवासखर्च.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. मार्चमधली टाउन मीटिंग, म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखी गावसभा, शाळेच्या जिममध्ये. मी मतदार नाही, म्हणून दोरीपलीकडच्या खुर्चीवर. नवा अग्निशमन बंब घ्यायचा का, यावर सव्वा तास वाद. मतदान हातातली रंगीत कार्डं वर करून. दाराशी एक बाई शाळेच्या सहलीसाठी ‘अ‍ॅपल पाय’ (सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकत होती. मी दोन तुकडे घेतले. नंतर लेक म्हणाली, “बाबा, त्या आमच्या आमदार.” सुट्टे परत देताना त्यांनी मला बजावलं होतं, गरम आहे, सांभाळून.

पण फार भाळू नका. १०० डॉलरवर आमदारकी कोण करणार? पेन्शनीतला, नाहीतर घरचं बरं असलेला. कामधंदा सोडून काँकर्डला खेटे घालणं तरुण नोकरदाराला कुठलं परवडायला.

वेळ संपत आलीय, खरा मुद्दा धावतच उरकतो. तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही. मॅसॅच्युसेट्सची माणसं खरेदीला सीमा ओलांडून येतात, हमरस्त्यालगत दारूची सरकारी दुकानं आहेत. मग शाळा कशावर चालतात? मुख्यतः घरपट्टीवर. तळ्याकाठी बंगले असलेल्या गावाला कमी दराने भागतं, गिरण्या बंद पडलेल्या गावाला जास्त दर लावूनही पुरत नाही. याच्याविरुद्ध कोर्टात गेलं कोण, तर तेच क्लेअरमाँट, आणखी चार शाळा-जिल्ह्यांबरोबर. १९९७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. १९९९ मध्ये शाळांसाठी राज्यभर मालमत्ता कर आला, पण ते भांडण काही मिटलं नाही, खटले पुढेही होत राहिले.

गव्हर्नरच्या डोक्यावर बसलेलं पाच जणांचं मंडळ राहिलंच. चहा घेताना विचारा.