पिंप घेताना बूड बघा

(निळ्या पिंपांची थप्पी. मागून ऊसाचा ट्रॅक्टर जातो.)

कोणी पिंप म्हणतं, कोणी बॅरल, कोणी टिपाड. माल एकच: एकदा वापरून विकायला आलेलं एचडीपीई प्लास्टिक, २०० ते २२० लिटर, रिकामं असताना ८ ते १० किलो. बेळगाव जिल्ह्यात उन्हाळा लागला की अथणी-चिकोडीकडं पाण्यासाठी, सुगी संपली की खानापूरकडं तांदळासाठी, आणि अलीकडं जीवामृतासाठी (शेण-गोमूत्राचं पातळ खत), कारण त्याचं मापच २०० लिटरचं.

गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. आधी विचारायचं ते हे: "अण्णा, ह्यात काय हुतं?" उत्तरही ठरलेलं: "साबणाचं पाणी हुतं बघा. धुऊन घ्या की."

खरं उत्तर पिंपावरच असतं.

(जवळून: खरवडलेलं लेबल)

लेबल काढलंय, डिंकाचा चौकोन उरलाय. वरच्या कोपऱ्यात तांबड्या रंगाचं एक टोक राहिलंय बघा. कोपऱ्यावर उभा तांबडा चौकोन म्हणजे पेट घेणारा माल. वर पांढरा, खाली काळा असेल तर ॲसिड किंवा कॉस्टिकसारखा कातडी जाळणारा. कवटी असेल तर पुढं बोलायचंच कारण नाही. कीटकनाशकाच्या लेबलावरच्या अशाच उभ्या चौकोनात खालचा त्रिकोण रंगीत असतो: तांबडा सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज करून घेऊ नका. आणि लेबल मुद्दाम खरवडलेलं पिंप कितीही स्वस्त मिळालं तरी ते घरात आणू नये.

आता पिंप पालथं घाला.

(बुडावरचं गोल घड्याळ, त्यावर बोट फिरतं)

हे घड्याळासारखं चक्र साच्यातच उमटतं. कडेनं १ ते १२ आकडे, मध्ये बाण. बाण ज्या आकड्यावर तो महिना, आणि बाणाच्या दोन बाजूंचे दोन आकडे मिळून साल. म्हणजे पिंपाचं वय विकणाऱ्याला विचारावं लागत नाही. शेजारी त्रिकोणात २ दिसतो. तो दाखवून "फूड ग्रेड आहे" असं सांगतात. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, आत काय होतं ते नाही. ग्लास आणि काट्याचं चित्र असेल तर पिंप खाद्यपदार्थासाठी बनवलं होतं एवढं कळतं, नंतर त्यात काय भरलं ते तरीही कळत नाही. 'यूएन' आणि पुढं १एच१ किंवा १एच२ असं कोरलेलं असेल, तर ते पिंप धोकादायक मालासाठी तपासलेलं आहे. १एच१ म्हणजे बंद तोंडाचं, बुचांचं. १एच२ म्हणजे झाकण निघणारं. काही जण हाच शिक्का चांगुलपणाचा म्हणून दाखवतात! निळ्या रंगाचंही तेच: निळं सगळं मिळतं, लोणच्याचंही आणि ॲसिडचंही.

उद्यमबाग, मच्छे हा बेळगावचा फौंड्री आणि मशिनशॉपचा पट्टा. अशा कारखान्यांतून निघणाऱ्या पिंपांत रेझिन, हार्डनर, कूलंट असू शकतं. पाण्याला आणि धान्याला हवं ते लोणचं, खारवलेली काकडी, ग्लुकोज किंवा फळांचा गर आलेलं पिंप.

(अंगठा पिंपाच्या कुशीवर दाबला जातो)

उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या प्लास्टिकवर बोट घासलं की खडूसारखी पूड लागते. असं पिंप ठिसूळ झालेलं असतं, ठोकर बसली की तडकतं. अंगठ्यानं दाबा: आत जाऊन परत यायला हवं. बुडाची कड, साच्याची शिवण आणि बुचाच्या आट्यांचा गळा, तडा बहुतेक इथंच. पोट सुटलेलं पिंप सरळ उभं राहत नाही. बंद पिंपात २० लिटर पाणी घाला, बुचं आवळा, वर्तमानपत्रावर आडवं लोळवा. कागदावर ओल दिसली तर आधी बुचाचा वायसर बदलून पाहा. तरीही ओल आली तर आटे गेलेत.

मग वास. नुसतं नाक घालून हुंगण्यात अर्थ नाही, त्यात धोकाही आहे. दोनतीन लिटर कोमट पाणी घालून झाकण लावा, दोन तास उन्हात ठेवा, मग लांबूनच हातानं वारा नाकाकडं घ्या. तेल आणि सॉल्व्हंट प्लास्टिकच्या अंगात मुरतात. थंडीत गेलेला वास एप्रिलात परत येतो. हा मुरलेला माल कुठल्याच साबणानं निघत नाही.

(फेस, घासणी, पाणी)

लोणच्याच्या पिंपाला मात्र उपाय आहे. आधी गार पाण्यानं मीठ काढा. मग १० लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून लांब दांड्याच्या ब्रशनं घासा, तीनदा खळबळा, तोंड उघडं ठेवून चार दिवस ऊन दाखवा. झाकणाच्या खाचेतलं रबर काढून वेगळं धुवा. वास तिथंच लपलेला असतो. तेलानं फुगलं असेल तर नवं घाला. ॲसिडच्या पिंपात ब्लीचिंग पावडर टाकू नये, क्लोरीन वायू निघतो.

चावी बसवायची तर बुडापासून चार बोटं वर, दोन कड्यांच्या मधल्या सपाट जागी. अर्ध्या इंची टँक निपलला साधारण २१ मिलिमीटरचं भोक, आत-बाहेर रबर, हातानं आवळून वर अर्धा फेरा पान्यानं. जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं. भरल्यावर वजन २०० किलोच्या वर जातं, तेव्हा खाली सबंध फरशी द्या. तीन विटांवर ठेवलेलं बूड मध्ये लोंबतं.

बंद पिंप कापायला ग्राइंडर लावतात, आत सॉल्व्हंटची वाफ असली तर स्फोट होतो आणि माणसं मरतात.

(टेंपोत पिंप चढतं)

रिंगवालं पिंप, म्हणजे झाकण रिंगेनं आवळायचं, नेताना रिंग लावूनच न्या. सुटी नेलेली रिंग वाटेत वाकली, की झाकण पुन्हा कधी घट्ट बसत नाही.