अकोला मंडळ, ओळ तिसरी आणि चौथी

(स्क्रीन रेकॉर्डिंग : आरोग्य विभागाची पीडीएफ, हळूहळू खाली सरकतेय)

हे फेब्रुवारी २०२१ मधलं महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाचं कोरोनाचं रोजचं बुलेटिन. संध्याकाळी यायचं आणि टीव्हीवर त्यातला एकच आकडा चालायचा, दिवसभरातल्या नव्या केसेसचा राज्याचा टोटल. महिन्याच्या सुरुवातीला तो दोन हजारांच्या आसपास होता, सप्टेंबर २०२० मध्ये हाच चोवीस हजारांच्या वर जाऊन आलेला, त्यामुळे लोकांना वाटलं संपलं एकदाचं.

आता जरा खाली या. ठाणे मंडळ, नाशिक, पुणे, कोल्हापूर... हां, इथे थांबा. अकोला मंडळ, म्हणजे तक्त्यात एकत्र धरलेले आसपासचे जिल्हे. अमरावती जिल्हा वेगळी ओळ, अमरावती मनपा वेगळी ओळ. दोन्हींची बेरीज आपली आपण करायची, आणि ती उद्या परत करायची, परवा परत. पीडीएफमधून कॉपी केलं की रकाने फुटतात, म्हणून बरेच जण सरळ हाताने टाइप करायचे. कोविड१९इंडिया नावाची जी साइट देशभर सगळे बघायचे तीसुद्धा स्वयंसेवकांनीच चालवलेली. हेच आकडे एक्सेलमध्ये द्यायला काय हरकत होती, कोण जाणे.

(स्प्रेडशीट)

टाइप झालं तरी कच्च्या आकड्याला काही अर्थ नसतो. रविवारी टेस्ट कमी, म्हणून सोमवारचा आकडा पडतो आणि मंगळवार-बुधवारी उसळतो. म्हणून सात दिवसांची सरासरी. मग आजची सरासरी आणि आठवड्यापूर्वीची सरासरी, यांचं गुणोत्तर काढून रोजची वाढ किती टक्के ते बघायचं. रोज सात टक्के वाढ म्हणजे साधारण दहा दिवसांत दुप्पट, एफडीत पैसे कधी दुप्पट होणार ते जसं ७२ ला व्याजदराने भागून काढतात तसंच. पण एक गोची आहे, टेस्ट वाढवल्या तरी केसेस वाढतात, आणि जिल्ह्यात टेस्ट किती झाल्या हे या तक्त्यात नाहीच.

(ग्राफ, लॉग स्केलवर)

हा ग्राफ नीट बघा. लॉग स्केल आहे, म्हणजे एकाच दराने वाढ चालू असेल तर रेष सरळ दिसते आणि दर जितका जास्त तितकी ती उभी. वरची जाड रेष राज्याची, जवळजवळ आडवी. खाली अमरावती, चढतेय. अकोला, यवतमाळही मागोमाग. मोठ्या शहरांचे आकडे एवढे मोठे की विदर्भातली वाढ टोटलमध्ये दबून गेली, पण दर काढला की ती लगेच दिसते, कारण दराला शहर लहान की मोठं याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

(अमरावती, राजकमल चौक, बंद शटर)

२१ फेब्रुवारीला पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी आठवड्याचा लॉकडाऊन जाहीर केला, दुसऱ्या दिवशी रात्रीपासून लागू. पुढे तो वाढवला. व्यापारी चिडले, बाकी राज्यात मात्र हा तिकडचा प्रश्न म्हणून बघितलं गेलं. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत विषाणूचे दोन बदल एकत्र सापडलेत. त्याच्याच एका प्रकाराला डेल्टा हे नाव मेअखेरीस मिळालं.

(परत ग्राफ, आता राज्याची रेषही वर)

दोन हजारांना पाच वेळा दुप्पट केलं की चौसष्ट हजार. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ केसेस. अडीच महिन्यांत पाच दुपटी, म्हणजे सरासरी पंधरा दिवसांना एक.

(हॉस्पिटलबाहेरची दृश्यं, निवेदन नाही)

बेड, ऑक्सिजन, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कोविड१९इंडिया ३१ ऑक्टोबर २०२१ ला बंद झाली. तिच्या फाइल्समध्ये अमरावतीच्या दोन ओळी बेरीज करून एकच जिल्हा म्हणून ठेवल्यात, दिवसागणिक.