हेड उतरवण्यापूर्वी

पडद्यावर दिसणारे हे पुशरॉड रचनेचे (म्हणजे लांब दांड्यांनी व्हॉल्व उघडणारे), चार सिलिंडरांचे जुने इंजिन सुरू होते, परंतु संथ गतीवर त्याचा एक सिलिंडर सतत मिस होतो, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नाही. अशा वेळी थेट हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा व्हॉल्व असलेला भाग, उतरवण्याची घाई केली जाते आणि दोष शोधण्याची उत्तम संधी हातची जाते, कारण दाबाच्या गळतीचा माग लागतो तो इंजिन जुळलेले असतानाच.

सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घेतलेल्या कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाबाच्या) चाचणीत दुसऱ्या सिलिंडरची सुई फार खाली थांबते. आत थोडे ऑइल सोडूनही ती वर सरकत नाही. पिस्टनच्या रिंगा गळत असत्या तर ऑइलने फट भरून दाब वाढला असता; म्हणजे रिंगांवरचा संशय जवळजवळ मिटतो. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावल्यावर त्याच सिलिंडरच्या, जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्वची मोकळीक, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, संपलेली आढळते, आणि ती नीट लावूनही दाब वाढत नाही. मग दोन्ही व्हॉल्व मिटलेले असताना प्लगच्या छिद्रातून हवा भरली जाते. गळणाऱ्या हवेची फुसफुस लक्ष देऊन ऐकावी. कार्ब्युरेटरमधून आली असती तर दोष इनटेक व्हॉल्वचा, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले असते तर हेडखालच्या गॅसकेटचा किंवा तड्याचा. इथे ती सायलेन्सरमधून येत आहे, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व गळतो.

आता हेड उतरवण्याला अर्थ आहे. पुशरॉड छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यात क्रमाने खोचले जातात, कारण प्रत्येक पुशरॉड आपल्याच टॅपेटशी (त्याला खालून उचलणाऱ्या भागाशी) आणि रॉकरशी घासून जुळलेला असतो.

व्हॉल्वची जळालेली कड स्पष्ट दिसते, पण मूळ दोष सीटचा, म्हणजे व्हॉल्व ज्या कड्यावर टेकतो त्याचा, आहे. जुन्या पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा पातळ थर ओतीव लोखंडाच्या सीटचे रक्षण करत असे. शिसेविरहित पेट्रोलवर गाडी दीर्घकाळ वेगाने चालवली की सीट झिजून खचते, व्हॉल्व वर सरकतो, त्याची मोकळीक नाहीशी होते आणि पूर्ण न मिटणारा व्हॉल्व आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही. नुसता नवा व्हॉल्व बसवला, तर तोही जळेल.

म्हणून आधी गाइड (व्हॉल्वची दांडी सरळ धरणाऱ्या नळ्या) दुरुस्त होतात, कारण सीट कापण्याचे हत्यार गाइडच्याच आधाराने केंद्रात राहते. त्यानंतर कठीण मिश्रधातूच्या सीटा बसतात. पेस्ट लावून व्हॉल्व हाताने मागेपुढे फिरवत घासला की दोन्ही पृष्ठभागांवर हे अखंड करडे वर्तुळ उमटते, आणि ते कुठेही तुटलेले चालत नाही.

जोडणी करताना नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळले जातात. व्हॉल्वची मोकळीक त्यानंतरच लावावी, कारण गॅसकेट दबताच हेड किंचित खाली येते आणि मोकळीक कमी होते.