‘नाही ना?’ असं विचारू नका

(दृश्य: अमरावती जिल्हा. संध्याकाळ. गावाचा पार.)

पारावर रोज येणारा माणूस आठ दिवस दिसला नाही, तर गाव म्हणतं, कामात असेल. पोळा तोंडावर असताना त्यानं बैलजोडी विकली, तर म्हणतं, पैशाची नड असेल. असेलही. पण ‘माह्यामागं पोरीकडं पाहजो’ असं तो सहज बोलून गेला, तर थांबून विचारायला हवं.

विचारायचं कसं, इथंच गाडी अडते. आपली सवय अशी: ‘तसलं काही मनात नाही ना रे?’ या ‘नाही ना’तच उत्तर ठरलेलं असतं. समोरचा मान हलवतो, आपण सुटल्यासारखे चहा पितो. त्यापेक्षा सरळ विचारावं, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ कानाला कठोर लागतं. पण विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांना उलट हलकं वाटतं.

आणि ‘हो’ आलं तर? ‘लेकराबाळांचा विचार कर’ हे वाक्य ओठावर येतं. ते गिळावं. लेकरांचाच विचार करून तो दमलेला असतो. ऐकावं.

(दृश्य: घराचा ओटा. दोन बाया बोलताहेत.)

याच जिल्ह्यातल्या ३० गावांत गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनं नैराश्यावरच्या मदतीसाठी ‘विश्राम’ प्रकल्प राबवला. गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले. डॉक्टर लागेल तिथंच डॉक्टर. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं नव्हती, तेव्हा सगळं श्रेय प्रकल्पाला देणं घाईचं. तरी चौघांतला एक जण मदत मागायला लागला, ही गावात लहान गोष्ट नाही.

(दृश्य: रात्र. मोबाइलचा उजेड.)

‘हो’ म्हणणाऱ्याला त्या रात्री एकटं सोडायचं नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन निघायचं नाही. आपल्याच फोनवरून लावायचा, शेजारी बसायचं. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. सकाळी गाडीवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचं. आणि घरातलं फवारणीचं औषध रात्रीच उचलायचं. ‘मी काय लहान हाओ का?’ असं तो चिडून म्हणेल. म्हणू द्यावं.

(दृश्य: शेजारघरची लोखंडी पेटी. कुलूप लागतं.)

‘फवारणीच्या दिवशी मागजो, मीच येतो संगं,’ म्हणत शेजारी किल्ली खिशात टाकतो.