गळ्यात हात आणि दारात हिवाळा

(मंडळाच्या २०२२च्या उन्हाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

दोन वर्षांनी आपण एकमेकांना खांद्याच्या खालीसुद्धा बघतोय, त्याचा आनंद आधी व्यक्त करते. पडद्यावरच्या चौकटीत माणूस जेमतेम खांद्यापर्यंत दिसायचा, आणि माझा तर नेमका खांदाच बिघडलेला होता.

कार्यवाहांनी विषय दिलाय ‘महामारीतला एक अनुभव’. माझा अनुभव उजव्या खांद्याएवढाच आहे, तेव्हा कुणी जगाचं काय झालं वगैरे अपेक्षा ठेवू नये.

फेब्रुवारी २०२० मध्ये घराच्या पायरीवरून उतरताना माझा पाय सरकला. पाणी सांडल्यासारखा दिसणारा तो पातळ बर्फ तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, मीही टाकला. हाड मोडलं नाही, म्हणून दोन आठवडे मुका मार समजून शेकत बसले. एमआरआयमध्ये निघालं की रोटेटर कफ फाटलाय. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो बसतो ती खोबण उथळ. बशीत चेंडू ठेवावा तसा प्रकार. म्हणून तर हात सगळ्या दिशांना फिरतो. आणि म्हणूनच त्याला चार स्नायूंच्या कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरांनी, धरून ठेवावं लागतं. त्यांचाच हा रोटेटर कफ. त्यातली वरची, सुप्रास्पायनॅटसची, सर्वांत जास्त वेळा फाटते. माझी तीच.

शस्त्रक्रियेचं ठरतंय तोवर ११ मार्च उजाडला, जागतिक आरोग्य संघटनेनं ही महामारी असल्याचं जाहीर केलं, आणि थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्यांना ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक, म्हणतात, जणू मी हौसेनं मागितली होती. तक्रार नाही, खाटा ज्यांना हव्या होत्या त्यांना मिळाल्या. पण फाटलेली कंडरा आपल्यासाठी थांबत नाही. ती मागे आक्रसत जाते आणि स्नायूत हळूहळू चरबी भरते, हे सर्जननं सांगितल्यापासून माझी झोप गेली ती गेलीच.

नंबर लागला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आधी नाकात काडी घालून तपासणी, मग शस्त्रक्रियेपर्यंत घरातच. त्या दिवशी नवऱ्याला दाराच्या आत घेतलं नाही. तो पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. घरी गेल्यावर काय करायचं ते त्याला फोनवरून सांगितलं आणि मला तोंडी. मी भुलेतून उठत होते, त्यामुळे मला त्यातलं फक्त ‘ओके’ आठवतं.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. चार छोटी भोकं, हाडात बारीक खुंट्या आणि त्यांना कंडरा शिवलेली. मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केल्या होत्या. घरी आल्यावर स्वतःचाच हात उशीवर ठेवताना तो कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा जड लागत होता. आणि रात्री श्वास पुरेना.

डिसेंबर २०२० होता, हे लक्षात घ्या. श्वास पुरत नाही म्हटल्यावर कुणाच्याही मनात काय येईल? नवऱ्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९५. पुन्हा लावला. ९६. आवाज घोगरा झालेला, उजवी पापणी उतरलेली. रात्री अकराला डॉक्टरांच्या आपत्कालीन नंबरवर फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं: श्वासपटलाची, म्हणजे छातीखालच्या श्वास ओढणाऱ्या पडद्याची, नस मानेत तिथूनच जाते, तीही बधिर झाली की त्या बाजूचं श्वासपटल काम करत नाही, इंजेक्शन उतरलं की सगळं जागेवर येईल. सकाळी तसंच झालं. श्वास आला आणि त्याच्या मागोमाग खांद्याचं दुखणंही आलं. हे एक वाक्य आधी कुणीतरी मला, किंवा निदान पार्किंगमधल्या माणसाला, सांगायला हवं होतं असं माझं आजही मत आहे.

मग सहा आठवडे हात गळ्यात. नुसती झोळी नाही, पोटाशी एक उशी बांधलेली, म्हणजे हात अंगापासून जरा दूर राहतो. आडवं झोपता येत नाही, आरामखुर्चीत बसून झोपायचं. रात्री तीनला जाग यायची तेव्हा भारतात दिवस असायचा. बहिणीला फोन लावायचे. ती फार काही बोलायची नाही, फोन बाजूला ठेवून घरातली कामं करत राहायची. भांड्यांचा आवाज ऐकत मला झोप लागायची.

फिजिओ पडद्यावर. स्टुलावर लॅपटॉप, “कॅमेरा जरा खाली, अजून खाली, आता मला फक्त पडदे दिसतायत.” पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं मी कपाटावर लिहून चिकटवलं होतं: हात हलवून घ्यायचा, हलवायचा नाही. कंडरा हाडाला बऱ्यापैकी धरायला बारा आठवडे लागतात. तोवर आपल्या जोरानं उचलला की शिवण उसवायची भीती. म्हणून कमरेतून वाकायचं, डावा हात टेबलावर, आणि उजवा विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबकळू द्यायचा. अंग हलवलं की तो आपोआप गोल फिरतो. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायचीही याच पोहऱ्याच्या अवस्थेत. हसू नका, कुणावर कधी पाळी येईल सांगता येत नाही.

या लंबकाच्या व्यायामाला कॉडमन यांचं नाव आहे. अर्नेस्ट कॉडमन हे बॉस्टनचे सर्जन, १९३४ मध्ये त्यांनी खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांचा दुसरा हट्ट मला जास्त आवडला. प्रत्येक रुग्णाचा पुरेसा काळ पाठपुरावा करा, वर्षानं विचारा की बाई, उपयोग झाला का, आणि उत्तर लपवू नका. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही.

आता वेणी. एका हातानं सगळं जमतं, वेणी जमत नाही. नवरा इंजिनियर. त्यानं दोन व्हिडिओ बघितले, मला खुर्चीत बसवलं आणि मागे उभा राहून “डावा मधल्यावर, उजवा मधल्यावर” असं पुटपुटत पहिली वेणी घातली. ती कानामागून सुरू होऊन खांद्यावर संपली. आठवड्याभरात सरळ यायला लागली. ऑफिसची मीटिंग चालू असताना, आवाज बंद करून, तो वेणी घालायचा.

पाचव्या आठवड्यात तो पॉझिटिव्ह आला. ताप बेताचाच होता, पण दहा दिवस वरच्या खोलीत. मी निगेटिव्ह, खाली एकटी, एका हाताची. टेबलावर हात टेकून झोळी स्वतःची स्वतः बांधायला शिकले. वेणी नाही, केस मोकळे सोडून मी भुतासारखी फिरत होते. मुलगी दुसऱ्या शहरात, यायची सोय नाही.

बातमी मंडळाच्या ग्रुपवर गेली आणि त्या दिवशी मला सव्वीस निरोप आले: ‘काही लागलं तर नक्की सांग.’ सगळे मनापासून होते, मीही वर्षानुवर्षं लोकांना हेच लिहीत आलेय. पण खुर्चीत बसून वाचताना कळलं की हा प्रश्नच नाही. आता मी यादी करायची, कुणाला काय जमेल याचा अंदाज घ्यायचा, मग शब्द टाकायचा. सव्वीसजणांना मी लिहिलं, ‘सगळं ठीक आहे.’

संध्याकाळी एका ताईंचा फोन आला. त्या इथेच बसल्यात, नाव घेतलेलं त्यांना चालणार नाही. त्यांनी तब्येत विचारली नाही. म्हणाल्या, “तुमच्याकडे कचरा कुठल्या दिवशी नेतात?” मी म्हटलं, बुधवारी. “बरं.” फोन ठेवला. मंगळवारी रात्री बाहेर चाकांचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर त्या कानटोपी घालून आमचा डबा त्याच बर्फाळ पायऱ्यांवरून, एकेक पायरी थांबत, रस्त्यापर्यंत नेत होत्या. वर बघून मला हात केला. मी डावा हात केला. असे तीन मंगळवार.

पुढचं पटकन सांगते. आठव्या आठवड्यापासून दवाखान्यात जाऊन फिजिओ, कारण खांदा आखडत चालला होता. पडद्यावरून सल्ला उत्तम मिळतो, पण सांधा कुठे अडतोय ते हातालाच कळतं. मार्चमध्ये लशीचा नंबर लागला, ती अर्थातच डाव्या दंडात घेतली, आणि दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही हात वर जाईनात. सहाव्या महिन्यात फळीवरचा डबा काढला.

वर्ष झालं तेव्हा दवाखान्यातून कुणी विचारलं नाही, म्हणून कॉडमनसाहेबांना स्मरून आज तुम्हाला सांगते. दीड वर्षानं हात कानापर्यंत जातो. पाठीमागे अजून पूर्ण जात नाही. हूक लावताना मागे कुठवर हात न्यावा लागतो ते बायकांना कळलं असेल. रात्री उजव्या कुशीवर झोपते. वेणी मीच घालते, रविवार सोडून.

आणि त्या ताईंचा गुडघा ऑक्टोबरात बदलायचाय. त्यांच्या गल्लीत कचरा शुक्रवारी नेतात. मी विचारून ठेवलंय.