गाणं कुणाच्या तोंडी द्यायचं?

मंडळी, ॲनिमेशनपटासाठी प्रेमगीत लिहायला बसलात, की चाल, मीटर, यमक हे सगळं नंतर. आधी ठरवा, गाणार कोण? प्रेमात पडलेल्या दोघांनीच गायला हवं असं धरून चाललात, तर अर्ध्या वाटा तिथेच बंद होतात.

१९८९चा ‘द लिटल मर्मेड’ आठवा. गीतकार हॉवर्ड ॲशमन, संगीतकार ॲलन मेंकन. नायिका जलपरी; माणूस होण्यासाठी तिने आपला आवाज चेटकिणीला देऊन टाकलाय. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत राजपुत्राने चुंबन घेतलं नाही, तर ती कायमची चेटकिणीच्या ताब्यात जाणार. मग प्रेमगीत कोण म्हणतं? खेकडा! दोघं होडीत अवघडून बसलीयत आणि हा पठ्ठ्या वाद्यवृंद जमवतोय. आधी ताल मागतो. बदकं कासवांच्या पोटावर ठेका धरतात. मग तंतुवाद्यं, मग वारा. शब्द सगळ्यात शेवटी. हा क्रम मला फार आवडतो, कारण प्रेमही काहीसं असंच येतं. पुढची प्रत्येक ओळ राजपुत्राला हळूच पुढे ढकलते. ओठ टेकणार, तोच होडी उलटते. गाणं संपलं, पण मुदत डोक्यावर तशीच आहे, आणि हातचा एक दिवस गेलाय.

ॲनिमेशनमध्ये गाणं आधी होतं, चित्रं मागून येतात. पियानोवरचा कच्चा डेमो, त्यावर स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमाने मांडलेली कच्ची चित्रं, लावून पाहायचं, मग पक्कं ध्वनिमुद्रण. त्या आवाजावर सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने चित्रकार काम करतात. ओळ उचलण्याआधी गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा कुणीतरी बसून रेखाटतं: खांदा जरासा वर, ओठ किंचित विलग. म्हणून ‘तू मला आवडतोस’ हे शब्दांत लिहायची गरज नसते, ते पापणी सांगते. १९९७च्या ‘हर्क्युलिस’मध्ये तर नायिका गाणंभर ‘मी प्रेमात नाही’ म्हणत राहते आणि मागचा कोरस तिला खोटं पाडतो. आपला विश्वास चटकन बसतो.

उलट उदाहरणही सांगतो. १९९५च्या ‘पोकाहॉन्टस’मध्ये नायक कैदेत आहे, सकाळी त्याला मारणार आहेत, आणि दोघं एक संथ युगुलगीत गातात. चाल सुरेख आहे. पण चाचणी खेळात मुलं चुळबुळ करू लागली आणि ॲनिमेशन बरंच पुढे गेलेलं असतानाही गाणं कापलं गेलं. २००५च्या डीव्हीडीत ते परत आलं. मला वाटतं, मुलांचं काही चुकलं नव्हतं. त्या दोघांचं प्रेम आपल्याला आधीच ठाऊक असतं. गाणं नवीन काही घडवत नाही.

आता १९९१चा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. पुन्हा ॲशमन आणि मेंकन. ॲशमन तेव्हा एड्सने खंगत चालले होते. मार्चमध्ये, वयाच्या ४०व्या वर्षी ते गेले, चित्रपट नोव्हेंबरमध्ये आला. त्यातलं प्रेमगीत त्यांनी दिलं एका चहाच्या किटलीला. नायिका आणि शापाने श्वापद झालेला नायक नाचतात, किटली बाजूला उभी राहून पाहते आणि गाते. जे त्या दोघांच्या अजून लक्षात आलेलं नाही, ते तिला दिसलंय, आणि तिच्या स्वरात थोरल्या माणसाची माया आहे. किटलीचा आवाज अभिनेत्री अँजेला लान्सबरी यांचा. हे गाणं आपल्याला शोभणार नाही, असं त्यांना वाटत होतं. ‘निदान एकदा गाऊन ठेवा,’ असा आग्रह झाला. त्या एकदाच गायल्या, आणि चित्रपटात ऐकू येतं ते तेच.