एकसष्टावी पायरी

(पहाट. बुटाच्या नाड्या बांधणारे हात.)

पावणेसहा वाजलेत. पर्वतीच्या पायथ्याशी बसून आजी नाड्या बांधतायत. दुहेरी गाठ मारायची आणि उरलेली टोकं बुटात खोचायची. पायात येईल असं काही लोंबता कामा नये. साडी घोट्याच्या वर, काठीला खाली नवं रबर. वय ७९. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं.

पर्वतीला पायऱ्या १०३. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधून घेतलं. तेव्हापासून पुणेकर या पायऱ्या चढतायत.

(चष्मा बदलताना जवळून.)

चढण्याआधी आजी चष्मा बदलतात. रोजच्या चष्म्याला खाली वाचायची काच आहे. पायरीकडे बघायला नजर खाली वळली की नेमकी तीच काच डोळ्यांसमोर येते आणि पायरीची कड पुसट होते. म्हणून इथे येताना फक्त लांबचा. वाचायचा चष्मा पिशवीत. त्याच पिशवीत एक चिठ्ठी आहे: कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुणाला फोन करायचा.

(पायऱ्या. पावलं. आजींचा आवाज.)

एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोत्तरसे...

चढताना आजी पाढे म्हणतात. मोठ्याने. पाढा मध्येच तुटला, श्वास पुरेना, की थांबायचं. शब्द धड निघतायत तोवर चाल ठीक आहे, हे कुणालाही घड्याळाशिवाय कळतं. एकोणतीस झाला की निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, मग पाऊणकी, पाऊणचा. आज सवायकीला, सव्वाच्या पाढ्याला, अडल्या, थांबल्या, मागून आठवली आणि पुन्हा निघाल्या.

आता पायांकडे बघा. डावा गुडघा दुखरा आहे. चढताना उजवा, बरा पाय आधी वर जातो, मग काठी आणि डावा. उतरताना उलट: काठी आणि दुखरा पाय आधी खाली, बरा पाय मागून. हा क्रम फिजिओथेरपिस्टने शिकवला. पहिले पंधरा दिवस आजी घरातल्या उंबऱ्यावर तेवढंच करत होत्या.

(थांबलेली काठी.)

ही एकसष्टावी पायरी. आजी इथेच थांबतात. वरच्या देवाला इथूनच हात जोडायचे. पूर्वी त्या रोज वरपर्यंत जायच्या. तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, मनगटावर निभावलं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो, काही जण परत चालतही नाहीत. उरलेल्या ४२ पायऱ्यांचं वाईट वाटतं का, असं आम्ही विचारलं. आजी हसल्या आणि सवायकी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

(वर. फिकट उजेड. मंडळी व्यायाम करताना.)

वर मंडळी एका पायावर उभी आहेत. दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. प्रत्येकाचा एक हात भिंतीला किंवा शेजाऱ्याच्या खांद्याला. तोल असाच टिकतो, रोज थोडा मागावा लागतो. या काकांना महिन्याभरापूर्वी चारपर्यंतच जमायचं, आज आठ झाले. बघा त्यांच्याकडे.

(घर. सकाळचं ऊन.)

आजींचं बाथरूम. पकडायला दांडा आहे, तोही भिंतीत पक्का ठोकलेला, कारण टॉवेलच्या नळीला माणसाचं वजन पेलत नाही. पायाखाली रबरी चटई. पलंगापासून दारापर्यंत रात्रभर बारीक दिवा. जाग आली की आजी तडक उठत नाहीत. आधी काठावर बसतात, पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली करतात, मग उभ्या राहतात. झटकन उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही दोन मिनिटं त्या कधीच चुकवत नाहीत, आणि चित्रीकरणाची घाई असतानाही त्यांनी आम्हाला तेवढं थांबवलं.

(दाराजवळ भरलेली पिशवी.)

दुपारी आजी कोल्हापूरला निघाल्यात, धाकट्या बहिणीकडे. ऑगस्ट २०२२पासून ७५च्या पुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पिशवीत बूट वेगळ्या कागदात बांधलेत. बहिणीच्या घराजवळच्या देवळाला ३४ पायऱ्या आहेत, हे आजींनी फोनवर आधीच विचारून ठेवलंय.